घरच्यासारखी

काचेपलीकडच्या बाईने पत्र मोठ्याने वाचलं. कौन्सिलच्या, म्हणजे बेघरांना जागा देणाऱ्या इथल्या नगरपालिकेच्या, हॉलमध्ये पोरंबाळं घेऊन बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"शी इज लाइक फॅमिली टू अस. अवर होम इज ऑल्वेज ओपन टू हर."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला घर आहे की. मग तुम्ही होमलेस कशा?"

माझ्या पायांशी दोन सुटकेस होत्या. त्याच घरातून सकाळी बाहेर काढलेल्या. शेजारी माझी मुलगी सोनल, अकरा वर्षांची, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. मागून कुणीतरी हसलं. लाजेने मी अर्धी झाले. आणि लाज कुणाची, तर माझीच! ते पत्र मीच दोन्ही हातांनी सांभाळून आणलं होतं.

पत्र लिहिलं होतं काकूंनी. लंडनच्या पश्चिमेला त्यांचं मोठं घर. काका हॉस्पिटलात मोठे डॉक्टर, काकू महाराष्ट्र मंडळात पुढे पुढे. माझा नवरा आम्हाला सोडून गेला तेव्हा मंडळातल्याच कुणीतरी मला त्यांच्याकडे पाठवलं. काकांचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं मी करायचं आणि मागच्या खोलीत आम्ही दोघींनी राहायचं, असं ठरलं. सकाळी केअर होमची नोकरी, दुपारपासून आजोबा.

पहिल्या दिवशी काकूंनी आडनाव विचारलं. ऐकून "हं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत आमच्यासाठी वेगळा मायक्रोवेव्ह आला. "तुम्हाला प्रायव्हसी," म्हणाल्या. आजोबांना न्हाऊ घालायला, भरवायला मात्र माझेच हात चालत होते.

तीन वर्षांत घराची किल्ली दिली नाही. मागितली होती एकदा. "अगं, कुणी ना कुणी घरी असतंच की!" नसायचं. मग आम्ही मायलेकी पोर्चमध्ये उभ्या. सोनल तिथेच, पायपुसण्यावर बसून होमवर्क करायची. आत आजोबा हाका मारत असायचे आणि मी दाराच्या फटीतून ओरडायची, "आले हं आजोबा, आले." त्या हाका अजून येतात कानात. भाजी चिरतानाही येतात.

आजोबा गेले. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी काकूंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "आता तुलाही तुझं काहीतरी बघायला हवं, नाही का? मागच्या रूममध्ये ऑफिस करायचंय."

कौन्सिलने सांगितलं होतं, घरमालकाकडून 'यांना निघायला सांगितलंय' असं लिहून आणा. मी काकूंना तसं म्हटलं. त्यांचा चेहरा पडला.

"अगं, बाईला आणि पोरीला घराबाहेर काढतोय, असं मी लिहून देऊ? माझ्या सहीने? उद्या चार लोकांत गेलं तर मंडळात तोंड कसं दाखवू? मी छान लिहिते. तुझ्याबद्दल चांगलंच लिहिते, तुलाच उपयोग होईल."

मलाही पटलं. आपल्याकडे साहेबाकडे जाताना चांगल्या वर्तणुकीचा दाखला नेतात ना, तसंच डोक्यात. चांगलं पत्र म्हणजे चांगलंच होणार. पाकीट हातात घेतलं आणि काय करावं मी? वाकून नमस्कार केला त्यांना! तो वाकलेला क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो.

काचेपलीकडच्या बाईला मी म्हटलं, माझ्याबरोबर काम करणारी शारदा रस्त्याच्या पलीकडे राहते. तिचं कौन्सिल वेगळं. तिला त्यांनी आधी खोली दिली, कागद मागाहून बघितले. सरकार तर एकच आहे ना?

ती शांतपणे म्हणाली, "पैसे सरकारकडून येतात. कसे वापरायचे ते प्रत्येक कौन्सिल ठरवतं. लोकल फ्लेक्सिबिलिटी. आम्ही पत्र बघतो."

फ्लेक्सिबल! सगळं लवचीक. वाकायचं फक्त आम्ही.

"हवं तर फोन लावते," ती म्हणाली. लावला, स्पीकरवर. काकूंचा आवाज आला, मंडळाच्या माइकवरचा. "ऑफ कोर्स! शी इज मोस्ट वेलकम."

बाईने माझ्याकडे बघून खांदे उडवले. माझ्या पत्रावर नकाराचा शिक्का मारायला हातही उचलला. सोनल माझी बाही ओढून हळूच म्हणाली, "आई, मग आपला घर कुठला आहे?"

तिचं मराठी असंच. एरवी मी सुधारते. त्या दिवशी नाही सुधारलं.

मी काचेच्या भोकाशी तोंड नेलं. "काकू, मी बोलतेय. आज संध्याकाळी मी आणि सोनल घरी येऊ?"

"अगं, फोनवर काय हे? पेंटर आलाय, रूम रिकामी केलीय. तुला माहितीय ना सगळं."

"या बाईंना इंग्लिशमध्ये सांगा. येस की नो."

काकूंशी या आवाजात मी कधी बोलले नव्हते.  पण मागे घ्यायचं नाही, एवढं कळत होतं.

"नो," काकू म्हणाल्या. "नॉट टुडे."

"टुमॉरो?" काचेपलीकडच्या बाईने विचारलं.

काकू खाकरल्या. मग, "नो."

बाईने ते लिहून घेतलं. काकू मराठीत कडाडल्या, "शोभतं का हे तुला? तीन वर्षं घरच्यासारखं ठेवलं!"

"काकू, घरच्यांकडे किल्ली असते."

एवढंच बोलले. बाईने फोन ठेवला.

आम्हाला खोली मिळाली ती लंडनपासून लांब, बेसिंगस्टोकच्या एका हॉटेलात. तात्पुरती. सोनलची शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. दाराला किल्ली नाही, कार्ड आहे. मुदत संपली की लाल दिवा लागतो. दर वेळी कार्ड लावताना मी परत त्या पोर्चमध्ये असते. सुटकेसची चेन ओढल्याचा आवाज झाला की सोनल अजून दचकते. हे जाईल असं मला वाटत नाही.

सोनलच्या जुन्या शाळेजवळ जागा द्या म्हणून मी कौन्सिलला लेखी फेरविचार मागितलाय. नाही म्हणाले तर परत मागणार. माझ्या सुट्टीच्या दिवशी कौन्सिलच्या त्या हॉलमध्ये जाऊन बसते. आपली कुणी बाई हातात गोड पत्र घेऊन आली की तिला आधी बाजूला घेते. म्हणते, हे नको. त्यांना फोन लाव, सगळ्यांसमोर विचार, आणि नाही म्हणाले तर ते 'नाही' लिहून घे.

परवा काकूंचा मेसेज आला. "गणपतीला नक्की ये गं. घर तुझंच आहे."

मी जाणार नाही. तो मेसेज पुसणारही नाही; छापून फेरविचाराच्या कागदांत, त्या लिहून घेतलेल्या 'नो'च्या शेजारी लावलाय. आणि ज्या दिवशी माझ्या हातात माझी किल्ली येईल, त्या दिवशी माझ्या दारात उभ्या असलेल्या बाईला मी 'आपलंच घर समजा' असं कधी म्हणणार नाही. किल्ली देईन, नाहीतर तोंडावर नाही म्हणेन.