नर्सबाईंची लाकडी नळी

पन्नास वर्षं होत आली. शेलूबाजारच्या आमच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा एक नर्सबाई यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर आणि इतकी लठ्ठ, की घरची माणसं सोडून गावात कुणाला पत्ता नव्हता. शेठाणीला आपल्याच दुकानातलं तूप मानवलं, असंच लोक समजत.

नर्सबाईंनी लाकडी नळीचं एक टोक माझ्या पोटावर टेकवलं, दुसऱ्याला कान लावला. बाळाचे ठोके काही ऐकू येईनात. त्या उठल्या आणि खिडकीतून ओरडल्या, "इंजन बंद कर रे जीपवाल्या! शेठाणीच्या लेकराचं ऐकून राह्यली मी!" जीप थांबली, पानठेल्यावरचा रेडिओही थांबला. गावाला बातमी कळली ती अशी.

मग मला कुशीवर वळवून, पोटाची वळी हाताने उचलून त्यांनी पुन्हा कान लावला. तरी नाहीच. मी रडकुंडीला आले.

"रडतं कायले? लेकरू तं हाये," त्या म्हणाल्या. "माहा कानच पोचून नाही राह्यला."

तिसऱ्या खेपेला पोचला.

पुढे पोटातली तीच लेक मोठी होऊन गरोदर राहिली. अंगाने ती माझ्यावरच गेलेली. मोठ्या शहरात सोनोग्राफीला मी सोबत होते. थंडगार खोलीत डॉक्टर पडद्याकडे बघत तिला म्हणाले, "तुमच्या पोटावर चरबी फार आहे, त्यामुळे बाळ नीट दिसत नाही."

एवढ्या महागाच्या मशीनची नजर कमी कशी पडेल! नर्सबाईंची नळी साधी लाकडाची, म्हणून त्यांना दोष स्वतःकडे घेणं परवडत असावं.