मावशीची पावडर आणि संगणकाची वर्तुळे

माझी आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. तेव्हापासून तिची धाकटी बहीण, म्हणजे वराळ्याची मावशी, दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हती. तिची सून तळेगावात शिक्षिका आहे. तिने एक दिवस वेगळाच मुद्दा काढला. तळेगावच्या एका रुग्णालयात मॅमोग्राफीची चित्रे आता संगणकही तपासतो आणि पुढच्या काही वर्षांत हा आजार होण्याची जोखीम किती, ते सांगतो.

"म्हंजी अजून झालंच न्हाई, ते सांगतो?"

"हो, आई," सून म्हणाली.

"मग जाऊ. झालेलं सांगणाऱ्याकडं मी जायची न्हाई."

रुग्णालयाने आदल्या दिवशी फोनवर बजावले होते : अंघोळ करून या, पावडर किंवा अत्तर लावू नका. सुनेने ते मावशीला दोनदा ऐकवले. मी वलवणहून रुग्णालयात पोहोचले तेव्हा ठेवणीतले लुगडे नेसलेली मावशी जिना चढत होती. लिफ्टवर तिचा विश्वास नाही. वर पोहोचल्यावर ती पिशवीसकट कपडे बदलायच्या खोलीत गेली. चाचणी आटोपून बाहेर आली आणि म्हणाली, "भाकर थापल्यावानी दाबत्यात गं."

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी तिघींना आत बोलावले. संगणकाने मावशीला 'जास्त जोखीम' या गटात टाकले होते. पडद्यावरच्या चित्रात काखेजवळ बारीक पांढरे ठिपके होते आणि त्यांच्याभोवती त्याने वर्तुळे काढली होती. आईच्या वेळीही डॉक्टरांनी असेच पडद्यावर बोट ठेवले होते. मावशीने पदराचे टोक मुठीत धरले.

डॉक्टरीणबाईंनी चित्र मोठे केले, पुन्हा पाहिले.

"मावशी, काखेत काही लावलंय का?"

"न्हाई."

"पावडर?"

"उलीशी."

"आई! दोनदा सांगितलं होतं ना?"

"घरनं न्हाई लावली. हितं लावली. जिना चढून घाम आला. ती मशिनीवरची पोरगी एवढ्या जवळ येणार, आन् मी घामट उभी राहू? काय रीतभात हाय का न्हाई?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. पावडरीचे कण चित्रात कॅल्शियमच्या, म्हणजे चुन्याच्या ठिपक्यांसारखे उमटतात, त्या म्हणाल्या. तसे खरे ठिपके कधी कधी आजाराची सुरुवात असतात. संगणकाला त्यातला फरक नेहमीच कळतो असे नाही.

मावशीला ओल्या टॉवेलने पुसून पुन्हा यंत्रापुढे उभे केले. या वेळी वर्तुळे नव्हती. गट आला 'मध्यम'.

"म्हंजी काईच न्हाई ना?"

"आज काही दिसत नाही. पण सख्ख्या बहिणीला झाला होता, म्हणून दरवर्षी यायचं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आणि ही त्या बहिणीचीच मुलगी ना? हिनेही चाचणी करून घ्यायला हवी."

मावशी सुनेकडे वळली. "हिचा नंबर लाव."

पुढच्या आठवड्यात ती माझ्याआधी येऊन रुग्णालयाच्या दारात उभी होती. चाचणीच्या खोलीबाहेर, बाकावरच्या सगळ्या बायकांसमोर, तिने मला अडवले.

"हात वर कर."

तिने वास घेतला.

"दुसरा."

दुसऱ्या काखेचाही घेतला. मग माझी पर्स काढून घेतली आणि बाकावर बसली. मी बाहेर आले, पर्सला हात लावला, तर तिने ती सोडली नाही. डॉक्टरीणबाईंनी आत बोलावले तेव्हाही पर्स तिच्याच मांडीवर होती. पट्टा दोन्ही मुठींत होता.