प्रचारापुरती बहीण

माझी वहिनी पंचायत समितीला उभी राहिली, तेव्हा मी बारामतीच्या शाळेतून रजा घेऊन निमगाव केतकीला गेले. प्रचाराला नव्हे, स्वयंपाकघर सांभाळायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बायकांसाठी जागा राखीव व्हायला लागल्या होत्या आणि आमचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, बायकांसाठी सुटला होता. माझ्या भावाने आधी कपाळाला हात लावला, मग बैठका घेतल्या आणि शेवटी वहिनीचं नाव पुढे केलं. त्याला वाटलं होतं, नाव तिचं आणि कारभार आपला. वहिनीने मात्र पहिल्याच सभेत स्वतःचा मुद्दा काढला. एकट्या राहणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळालं पाहिजे. रॉकेल, साखर, मतदारयादीतलं नाव, सगळं शेवटी त्या कार्डापाशी अडतं, असं ती वस्त्यावस्त्यांवर जाऊन सांगायची आणि बायका माना हलवायच्या.

मला याद्या करायची सवय आहे. गेल्या गेल्या मी चुलीमागच्या भिंतीवर कामांचा कागद चिकटवला. चूल कोणी पेटवायची, भाकऱ्या कोणी थापायच्या, जीप परत आली की चहा कोणी टाकायचा, भगुणी कोणी घासायची. कागद पूर्ण झाल्यावर पाहिलं, तर निम्म्याहून जास्त कामांपुढे एकच नाव होतं, अक्का.

अक्का भावाकडे कामाला होती. मूळची विजापूरकडची. नवरा वारल्यावर कालव्याच्या खोदकामाच्या टोळीबरोबर आमच्या भागात आली आणि तापाने पडली. टोळी पुढच्या कामावर निघाली तेव्हा मुकादमाने तिला सांगितलं, बरी होईपर्यंत इथे थांब, मी न्यायला येतो. तो आला नाही. माझी आई तेव्हा होती, तिने अक्काला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवून घेतलं. तेव्हापासून ती आमच्या मळ्यातल्या वस्तीवरच होती. जेवण, लुगडी, सणाला थोडे पैसे, एवढ्यावर ती घर आणि जनावरं दोन्ही बघायची. पगार म्हणावा असं काही कधी ठरलं नाही. कार्ड नाही, दाखला नाही, यादीत नाव नाही. त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं, कारण आजूबाजूच्या बऱ्याच वस्त्यांवर अशी एखादी बाई होतीच.

वाटायला लागलं ते बाजाराच्या दिवशी. समोरच्या बाजूच्या सभेत त्यांचा एक वक्ता म्हणाला, जगाला कार्ड वाटायला निघालेल्या बाईंनी आधी स्वतःच्या गोठ्याशेजारी डोकवावं. लोक हसले म्हणे.

ही बातमी तात्यांनी आणली. तात्या म्हणजे गावचे निवडणूकवाले. पतपेढीपासून कारखान्यापर्यंत सगळ्या निवडणुका त्यांनी लढवल्या होत्या, फक्त स्वतः कधी उभे राहिले नव्हते. त्यांचा उपाय सोपा होता. डाळजला त्यांचं शेत होतं, तिथे खोप होती. मतदान होईपर्यंत अक्काला तिथे ठेवायची. विचारायला कोणी आलं, तर बाईच नाही. भाऊ म्हणाला, चालेल, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे.

अक्का दारात उभी होती, कमरेवर पाण्याची कळशी. तिने कळशी खाली ठेवली.

"आबा, एकदा मला हितं थांब म्हणून गेल्यात," ती भावाला म्हणाली. "दुसऱ्यांदा न्हाय मी कुटं थांबायची. घालवायचं आसंल तर घालवा, पर थांब म्हणू नगा."

घालवून देणं भावाच्या मनात नव्हतं, पण ती डाळजला गेली की पुन्हा आणायचं कोणाच्या लक्षात राहिलं असतं, हे मलाही सांगता आलं नसतं.

"ती कुठं जायची न्हाय," वहिनी म्हणाली.

मग तात्यांना दुसरी युक्ती सुचली. वहिनीचं माहेर सोलापूरच्या पलीकडे, सीमेकडचं. तिकडच्या बोलीत कानडी हेल असतोच. तेव्हा अक्का ही वहिनीची चुलत बहीण, प्रचाराला म्हणून आलेली. "पाव्हणीला कोण कार्ड इचारतंय?" तात्या म्हणाले. शेजारच्या वस्त्यांना खरं माहीत होतं, पण ती माणसं आपली होती. गणातल्या बाकीच्या गावांनी अक्काला कधी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, सकाळ होईपर्यंत.

सकाळी माझ्या लक्षात आलं, की पाहुणी भांडी घासत नाही.

वहिनीचं इरकल नेसून अक्का बाहेरच्या सोप्यात सतरंजीवर बसली. येणारी प्रत्येक बाई तिच्याशेजारी बसायची आणि ती आली म्हणून पुन्हा चहा. चहा टाकणारी मी, कप विसळणारी मी, चुलीवरची काळी भगुणी राखेने घासणारीही मीच. भिंतीवरच्या कागदावर अक्काचं नाव खोडून मी माझं लिहीत गेले आणि दुपारपर्यंत लिहायचंही सोडून दिलं. शेजारची पुरणपोळीचं ताट घेऊन आली आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता अक्काला म्हणाली, "कवा आलासा, पाव्हणं? प्रवासात तरास न्हाय न्हवं झाला?" अक्का तोंडाला पदर लावून बसली. शेजारणीची म्हैस आदल्या संध्याकाळी तिनेच धरून दिली होती.

अक्काला हे बसणं सोसत नव्हतं. सोप्यात कोणी नसलं की ती आत यायची आणि म्हणायची, "ताई, दोन भगुणी तरी इकडं सरकवा. बसून बसून कंबार धरली." एकदा मी खरंच सरकवली आणि नेमकी जीप आली. अक्का तशीच धावत बाहेर गेली आणि राखेने माखलेल्या हातांनी पाहुण्यांना नमस्कार केला. तात्यांनी लगेच सांगून टाकलं, की त्यांच्याकडे दात राखेनेच घासतात.

हे असंच मतदानापर्यंत रेटलं असतं, पण एक म्हातारी आली. शेजारच्या गावच्या मोठ्या भावकीतली. तिच्या शब्दाबाहेर तिची भावकी जात नाही, असं तात्या म्हणायचे, म्हणून तिला खास गाडी पाठवून आणलं होतं. तिने वहिनीशी थोडं बोलून घेतलं आणि मग बराच वेळ अक्काकडे बघत बसली. अंगाने धडधाकट, बोलणं कमी, नजर खाली. म्हातारीला पसंत पडली.

तिचा धाकटा भाऊ पिंपळीला होता. बायको गेलेली, लेकी नांदत्या, जमीन बागायती. तो एकटा होता आणि वहिनीची बहीणही एकटीच दिसत होती. म्हातारीने सरळ विचारलं, "कुळी कंची तुमच्या चुलत्याची? देवक कंचं?"

भावाला ठसका लागला. वहिनी पाणी आणायच्या निमित्ताने आत आली, तिच्यामागे तात्याही आले. "मतदानापतुर व्हय म्हणा," तात्या कुजबुजले. "पुढचं पुढं बघू." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी कोपरापर्यंत काजळीत होते. होकार दिला, तर एका सरळ माणसाला फसवणं होतं. नकार दिला, तर म्हातारीचा अपमान. आणि खरं सांगितलं, तर प्रचार गेला आणि अक्का पुन्हा डाळजच्या वाटेला.

तेवढ्यात बाहेरून अक्काचा आवाज आला.

"आजी, मी पाव्हणी न्हाय. मी हितं कामाला हाय. कुळी सांगून तुमास्नी फसवू कशाला? माज्याकडं कारड बी न्हाय, म्हणून ह्यांनी मला बहीण केलंया."

मी दारात येऊन उभी राहिले. म्हातारीने अक्काला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिने विचारलं, "मग सध्या भांडी कोण घासतंय?"

"मी," मी म्हणाले.

म्हातारी उठली, आत आली, पालथ्या घातलेल्या भगुण्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "दिसतंयच."

सगळ्यात आधी वहिनी हसली. मग म्हातारीही हसली, पण लगेच गंभीर होऊन खाली बसली. त्यांच्या वस्तीवरही अशीच एक होती, बीडकडची, ऊसतोडीला येऊन मागे राहिलेली. वहिनीचं रेशनकार्डाचं बोलणं ऐकताना म्हातारीच्या डोळ्यांपुढे तीच होती. त्यासाठीच ती आली होती, गाडी पाठवली म्हणून नव्हे.

"मग खोटं कशापायी बोललीस?" तिने वहिनीला विचारलं.

"खरं बोलले असते, तर हिला इथून हलवावं लागलं असतं."

"कुणाच्या भ्यानं?" म्हातारी म्हणाली. "त्या समोरच्यांच्या वस्तीवर बी जाऊन बघ की."

पुढच्या सभेत वहिनीने माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. आपल्याच घरातल्या बाईला कार्ड नाही, ते काढायचं आपल्याला कधी सुचलं नाही. निवडून येवो न येवो, पहिलं कार्ड तिचं काढणार. तुमच्या वस्त्यांवर अशा बाया असतील, त्यांनाही पाठवा. तात्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. पण कोणी हसलं नाही. बायका आपापसात बोलायला लागल्या आणि सभा संपल्यावर दोघी-तिघी वहिनीला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होत्या. समोरच्या बाजूने तो विषय पुन्हा काढला नाही. का काढला नाही, ते म्हातारीच जाणे.

मी घरी आले तेव्हा अक्का जुनं लुगडं नेसून, कासोटा घालून न्हाणीपाशी बसली होती. इरकल घडी करून खुंटीवर. मी भगुणी घासायला राख घेतली, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. "सरा, ताई. पार काळी करून ठिवलीयासा." त्या दिवशी मला जेवढं मोकळं वाटलं, तेवढं निकालाच्या दिवशीही वाटलं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला, थोडक्या मतांनी. गुलाल अंगावर घेऊन वहिनी घरात शिरली, तेव्हा अक्काने विचारलं, आता माणसं यायची थांबतील की आणखी येतील? आणखी येतील, वहिनी म्हणाली. "मग भांड्याला एक बाई बघा," अक्का म्हणाली, "आन मला म्हयन्याचं काय ते ठरवा." वहिनीने दोन्ही केलं. भाऊ कुरकुरला, पण वहिनी आता पंचायत समितीची सदस्य होती.

कार्डाला निवडणुकीपेक्षा जास्त दिवस लागले. तलाठ्याचा दाखला, सरपंचांचा दाखला, इंदापूरच्या कचेरीत खेटे. कोण, कुठली, कोणाची, असं दर वेळी विचारायचे आणि दर वेळी वहिनी शेजारी उभी राहून सांगायची, आमच्याकडे कामाला आहे, आमच्या वस्तीवर राहते. शेवटी कार्ड आलं, कुटुंबप्रमुख म्हणून अक्काचंच नाव. तिच्यापाठोपाठ म्हातारीच्या वस्तीवरच्या बाईचंही झालं.

पुढच्या सुट्टीत मी गेले होते, तेव्हा म्हातारी पुन्हा आली. तिच्या भावाचा निरोप होता. कुळी-देवक राहू द्या, बाई खरं बोलणारी आहे, तेवढं पुरे.

अक्का पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "त्येंला सांगा, माणूस चांगला आसंल, पर मी हितंच ऱ्हाती. आता तर कागदावर बी हितंच लिवलंया."

म्हातारीने आणखी आग्रह केला नाही, चहा मात्र दोनदा घेतला. कप अक्काने विसळले. मी शेजारी बसून राहिले, आणि खरं सांगायचं तर तिने नाही म्हटल्याचा मला मनापासून आनंद झाला. भांड्याला बाई लावली होती खरी, पण तीन वर्षांनी कारखान्याची निवडणूक होती, म्हणजे वस्तीवर पुन्हा प्रचाराचं चहापाणी, आणि ती भगुणी मी विसरले नव्हते.