रविवारचा प्रश्न

शाळेतली मुलं तिला लॅबमावशी म्हणायची. सव्वीस वर्षं तिनं परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, सांगाड्याची निखळलेली बोटं तारेनं पुन्हा बांधली. शिक्षण जेमतेम बारावी, पण नवे शिक्षकसुद्धा तासाच्या आधी दारातून डोकावून हळूच विचारायचे, "मावशी, आधी काय कशात ओतायचं हो?"

"पाण्यात आम्ल, सर. उलटं केलंत तर तोंडावर उडेल," ती म्हणायची, आणि दिवसभर थोडा भाव खायची.

हे वेड तिला लावलं दादानं. तो तिच्याहून चार वर्षांनी मोठा. दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्नं झाली, संसार झाले, तरी दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन ठरलेला. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. उचलला की सरळ प्रश्न. एक त्याचा, एक तिचा. दहा आकडे मोजेपर्यंत उत्तर आलं नाही की हरलात.

"छोटे, सगळ्यात तापलेला ग्रह?"

"शुक्र. बुध म्हणेन वाटलं होय तुला?"

"तळं वरूनच का गोठतं?"

"चार अंशाचं पाणी सगळ्यात जड, ते तळाशी बसतं. आता माझा. ऑक्टोपसला हृदयं किती?"

"दोन... नाही, थांब..."

"तीन! हरलास!"

प्राण्यांचं, शरीराचं तो कधी विचारायचा नाही. "तुझ्या अंगणात येऊन कशाला मार खाऊ?" म्हणायचा.

गेल्या वर्षी मात्र तो त्या अंगणात आला. एका रविवारी म्हणाला, "दोन्ही फुफ्फुसं सारखी असतात का गं?"

तिला हसू फुटलं. "डावं लहान. हृदयाला जागा द्यावी लागते ना. दादा, म्हातारा झालास, सोपं विचारायला लागलास!"

पुढच्या रविवारी, एकाच फुफ्फुसावर माणूस जगतो का? जगतो की, तिनं ठणकावून सांगितलं. मग महिनाभरानं यकृत आलं. कापलं तर पुन्हा वाढतं, हे खरं का?

"खरं. एक तृतीयांश उरलं तरी वाढतं."

"कुणाचंही?"

"निरोगी असेल तर. सडलेलं कुठून वाढणार?"

तो म्हणाला, "बरोबर. जिंकलीस." त्या दिवशी तिचा प्रश्न ऐकायलाही तो थांबला नाही. तिला वाटलं, हरल्यामुळे रुसला.

शेवटचा प्रश्न मेंदूचा होता. मेंदूला स्वतःला दुखतं का? "छे, त्याला वेदना कळतच नाहीत," ती कांदा चिरता चिरता म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून तिनंच फोन ठेवला.

चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. कॅन्सर, एवढंच वहिनी बोलली, आणि पुढचं तिनंच पुरं केलं. फुफ्फुस, यकृत, मेंदू. त्याच क्रमानं.

दवाखान्यात दादा उशीला टेकून बसला होता. शर्ट खांद्यावरून घसरत होता, इतका वाळला होता.

"मला सांगायचं नाही का रे?" ती ओरडलीच.

"सांगितलं असतं, तर खरी उत्तरं दिली असतीस?"

दहा आकडे कधीच होऊन गेले होते. त्यानंही मोजले नाहीत. फक्त तिचा हात हातात घेऊन बसला.

अकराव्या दिवशी तो गेला.

आठवड्यानं ती नि वहिनी त्याचे कपडे आवरत होत्या. वहिनी म्हणाली, "डॉक्टरांना काही विचारायचेच नाहीत गं. म्हणायचे, ते एकतर गोड बोलतील, नाहीतर घाबरवतील. छोटी जसं आहे तसं सांगेल. यकृताचं तू सांगितलंस ना, त्याच दुपारी अवजारांची पेटी कामावर नेऊन देऊन आले. परत घरी आणलीच नाही."

"वहिनी, मी हसत होते गं. प्रत्येक वेळी हसत होते."

वहिनीनं हातातला शर्ट घडी न घालताच बाजूला ठेवला आणि तिला जवळ ओढलं.

पुढे शाळेत विज्ञानाच्या स्पर्धेचे दिवस आले. प्रश्न दरवर्षी तीच काढायची. या वेळी तिनं ग्रह, खडक, धातू, चुंबक, सगळ्याच्या चिठ्ठ्या लिहून विज्ञानाच्या बाईंपुढे ठेवल्या.

"आणि शरीराचे, मावशी?"

"ते तुम्ही काढा, बाई."

"अहो, तो तर तुमचा हातखंडा!"

"तुम्हीच काढा," ती म्हणाली, आणि नळाखाली परीक्षानळ्या धुवायला लागली. धुतलेल्याच पुन्हा धूत राहिली.