काट्याचा प्रोग्रॅम आणि साळवे मॅडम

कुणी 'प्रोग्रॅम बिघडला' असं ओरडत आलं, की साळवे मॅडम खुर्चीतून न उठता एवढंच विचारायच्या, "चुकलाय का चाललाच न्हाई? दोन्ही दुखणी येगळी हायत." त्या पुण्याला शिकल्या होत्या, साहेबांपुढे छापील मराठी बोलायच्या; पण काम अडलं की तोंडात गावाकडचं पारनेर यायचं. मला ते पारनेरच जास्त आवडायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात आम्ही दोघं संगणक विभाग होतो. विभाग कसला, बिनखिडकीची खोली. धूळ नको म्हणून दार कायम बंद. हंगाम तोंडावर आला तेव्हा कुणी त्रास देऊ नये म्हणून कार्यकारी संचालकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, शिपायाला बाहेरून कडीच लावायला सांगितली. चहा हवा असला की आतून दार वाजवायचं. माझा जीव गुदमरायचा. मॅडम म्हणायच्या, "कोंडवाड्यातल्या गुराला निदान मालक सोडवायला येतो."

त्यांना सुटायचंच होतं. पुण्यात नोकरी मिळाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि त्यासाठी इथला कार्यमुक्तीचा दाखला लागत होता. साहेबांची अट सरळ होती: काट्याचा प्रोग्रॅम नीट चालवून द्या आणि खुशाल जा. उसाच्या गाडीचं वजन घेऊन पावती छापणारा हा प्रोग्रॅम. संचालक मंडळाने पाचटाची, म्हणजे उसाबरोबर येणाऱ्या वाळक्या पाल्यापोटी वजनातून होणारी, कपात कमी केली होती. मॅडमनी तो बदल मूळ मजकुरात लिहिला आणि त्यातून चालणारा प्रोग्रॅम नव्याने बांधायची आज्ञा संगणकाला दिली. पडद्यावर उत्तर आलं की सगळं अद्ययावत आहे, करण्यासारखं काही नाही. पावतीवर कपात मात्र जुनीच. पुन्हा आज्ञा, पुन्हा तेच उत्तर. आठवडाभर हेच चाललं. शेवटी मी म्हणालो, राहू द्या जुनी कपात, दाखला घ्या आणि निघा.

मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "आन् ज्याच्या उसातनं जास्तीचं कापलं जाईल त्याला काय सांगू? मला पुन्याला जायची घाई हुती म्हनून?"

गुरुवारी त्यांनी आज्ञा देणं सोडलं आणि फायलींच्या तारखा बघायला घेतल्या. तयार प्रोग्रॅमवर तारीख होती येत्या सोमवारची. बांधणी करणारं साधन तारखाच बघतं. लिहिलेला मजकूर तयार प्रोग्रॅमपेक्षा नवा असेल तरच हात हलवतं. सोमवारच्या प्रोग्रॅमपुढे आजचा बदल त्याला शिळाच वाटणार. मॅडम पोट धरून हसल्या. "पोर जन्मायच्या आदीच बारसं उरकलंय कुनीतरी."

बारसं उरकलं होतं हेडक्लार्क अण्णांनी. सोमवारी गाळप सुरू करायचा, मोळीचा मुहूर्त होता. चेअरमनसाहेब उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकणार आणि पहिली पावती त्यांच्या हाती जाणार. त्यांना आधी दाखवायच्या नमुन्यावर मुहूर्ताचीच तारीख हवी, म्हणून अण्णांनी एका सकाळी संगणकाची तारीख पुढे ढकलली होती. कपातीच्या बदलाआधी, मॅडमनी त्या दिवशी केलेली बांधणी त्याच पुढच्या तारखेने झाली. संध्याकाळी अण्णांनी तारीख इमानदारीने मागे आणून ठेवली आणि कुणाला सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

मॅडमनी तयार प्रोग्रॅम पुसून पुन्हा बांधला. पावतीवर नवी कपात आली. आमचे साहेब आले, खुर्ची ओढून बसले, अगदी मनापासून कौतुक केलं. मग म्हणाले, "एवढं बारीक दुसऱ्या कुणाला सापडलं असतं? आता तुम्हाला सोडून हंगाम कसा काढायचा?" मॅडमनी त्यांना त्यांच्याच शब्दाची आठवण करून दिली. साहेब हसले, हंगाम संपला की बघू म्हणाले, आणि शिपायाला आत चहा पाठवायला सांगून गेले. मला त्या माणसाचा आजही राग येतो.

सोमवारी सनई वाजली, मोळी पडली, टाळ्या झाल्या. पुण्यातल्या कंपनीने थोडी वाट पाहिली आणि दुसरं माणूस घेतलं. तो हंगाम संपला, पुढचा आला, मॅडम तिथेच.

मग मला नाशिकला नोकरी लागली. माझा अर्ज साहेबांनी उभ्या उभ्या मंजूर केला. दाखला घेऊन खोलीत आलो. मॅडमनी तो हातात घेतला, सावकाश वाचला आणि घडी घालून परत दिला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "तुला फार काही येत न्हाई."