आधी पट्टा, मग चहा

पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. माझ्या जोडीला दिलेला मुलगा तिशीचाही नव्हता. आसेगावचा, बौद्ध शेतमजुराच्या घरातला. विषय तेव्हा नवाच होता: लहानपणी ज्यांची आई गेली, ज्यांनी उपास काढले, मार खाल्ला, त्यांची झोप आणि रक्तदाब मोठेपणी कसे राहतात. दोन वर्षांनी आमच्यातल्या एकालाच पुढे ठेवणार, हे आमच्या प्रकल्पप्रमुख सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

किन्हीराजा या गावी आम्ही घरोघर जायचो. मी विचारलं, लहानपणी काही त्रास होता का, की लोक म्हणत, सगळं बरं होतं. तो ओसरीवर मांडी घालून बसायचा आणि विचारायचा, "मावशी, माय गेल्यावर तू कोनापाशी निजे?" मावशी मग थांबायचीच नाही. माझ्या वहीत एकेक ओळ, त्याच्या वहीत पानंच्या पानं. एक म्हातारी तर मला हसत म्हणाली, "डाक्तर, तुमी लिवत जा. बोलू द्या त्याले." बाकीच्या बायाही हसल्या. मीही हसलो. त्याचा हेवा मात्र मी आठवडाभर चघळत होतो.

रक्तदाबाच्या मोजणीचा एक नियम होता. चहा, बिडी, तंबाखू झाल्यावर अर्धा तास दंडाला पट्टा बांधायचा नाही. आणि जुन्या गोष्टी काढायच्या त्या मोजणीनंतरच. पण पाहुण्यापुढे चहा आल्याशिवाय राहत नसे, आणि पाहुणा प्यायला की घरच्यांनीही घोटभर घ्यायचा. बौद्ध वस्तीत तर आपल्या हातचा चहा हा माणूस पितो की नाही, याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. तो सरळ म्हणायचा, "आधी पट्टा, मंग चहा," आणि लोक ऐकायचे. तो त्यांचाच होता. मी मात्र नियमाचं निमित्त करून तिथला चहा कायम टाळला होता. खरं कारण नियम हे नव्हतंच. घरचं विटाळाचं वळण होतं.

ताळा म्हणून त्याच्या यादीतल्या काही माणसांचा रक्तदाब मी पुन्हा मोजायचा होता. त्या दिवशी तो कारंज्याला गेला होता. बौद्ध वस्तीतल्या पहिल्याच घरी चहा आला आणि मी कप उचलला. "माझ्याबरोबर तुम्हीही घ्या," म्हटलं. त्या बाईचा चेहरा असा काही उजळला की मला खाली बघावं लागलं. मग मी तिच्या आईचा विषय काढला. ती रडली. डोळे पुसते न पुसते तोच मी पट्टा बांधला. पारा चढलेलाच होता. आणखी चार घरी हेच केलं. वहीत लिहिलं: नियमाप्रमाणे.

त्याचे आकडे आणि माझे आकडे जुळेनात. सरांनी माझ्या वयावर भरवसा ठेवला. त्याने मला एकदाच विचारलं, तेही अवघडून, "सर, चहा तं नव्हता झाला त्यायचा?"

मी म्हणालो, "नाही."

त्याच्या सगळ्या वह्या रद्द झाल्या. मला ठेवलं. तो कारंज्याच्या कॉलेजात शिकवायला लागला.

मागच्या महिन्यात मी तिथे गेलो. त्याच्या दोन तासिकांमधल्या सुट्टीत, व्हरांड्यात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तो खडूचे हात झाडत ऐकत होता. मला वाटलं होतं चिडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल.

"मले सांगून काय फायदा?" तो म्हणाला. "ज्यायले खोटं सांगतलं त्यायले सांगा. लेखी."

घंटा झाली. तो वर्गात गेला. समोरच्या पोस्टाच्या बाकावर बसून मी सरांना पत्र लिहिलं, त्या पाच घरांच्या खुणांसकट, आणि पेटीत टाकलं. माझी जागा आता बहुतेक जाईल. त्याच्या वर्गातून पोरांचं हसणं ऐकू येत होतं, मधूनच त्याचा आवाज. खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.