मी पाहिलेला पाय

माणूस बघताक्षणी ओळखतो, ही माझी जुनी घमेंड. डोळ्यात बघून बोलतो तो सरळ, नजर चुकवतो तो लबाड, एवढंच माझं माप. हे माप मला वडिलांनी दिलं, तेही थोबाडीत देऊन. रहाटणीच्या आमच्या रानात काही चुकलं की ते मला समोर उभं करायचे. "खाली काय बघतोय रं? माज्याकडं बग." वर बघेपर्यंत मारायचे, वर बघितलं की थांबायचे. त्यामुळं मी वर बघायला शिकलो, आणि जो बघत नाही तो मार खायच्याच लायकीचा, हेही तिथंच शिकलो.

चौऱ्याहत्तर साली मी पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेसशॉपला होतो. पत्रा ठेवायचा, पायाखालचं पेडल दाबायचं, वरून वजनदार साचा धाडकन खाली येणार आणि पत्र्याला आकार देणार. दिवसभर हेच. आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून आमच्यात एक रीत पडली होती. साचा बसवणारा सेटर आत हात घालण्याआधी पेडलवरच्या माणसाच्या डोळ्यात बघायचा. त्यानं पाय मागं घ्यायचा, डोळ्यात बघून मान हलवायची, मग हात आत. मोटर बंद करून हात घाला, असं भिंतीवर लिहिलेलं होतं. पण त्यात वेळ जायचा, आणि माल कमी निघाला की फोरमन आईबहिणीवरून सुरू व्हायचा.

त्या वर्षी आमच्या खात्यात एक नवा माणूस आला. दुष्काळात मराठवाडा सोडून आलेला, बौद्ध घरातला, बायको-लेकराला घेऊन काळेवाडीत खोली करून राहणारा. टेंपररी होता, आणि पंधरा दिवसांनी पर्मनंट होणार होता. तो कुणाच्या डोळ्यात बघायचा नाही. सेटरनं बघितलं तरी हा त्याच्या हातांकडं बघून मान हलवायचा. माझं टाळकंच सरकायचं. दोन दिवसांत मी त्याचा निकाल लावून टाकला: हा माणूस आतल्या गाठीचा. माझ्या हातून पाना पडला तर पाना तेलकट असायचा, त्याच्या हातून पडला तर तो बेफिकीर. मला उशीर झाला तर बस चुकलेली, त्याला झाला तर तो कामचुकार.

आणि मग तो दिवस आला. पेडलवर तो, आणि सेटर म्हणजे माझा गाववाला, लहानपणापासूनचा दोस्त. मी पलीकडच्या मशीनवर होतो. त्यांची मान हलवाहलवी झाली, दोस्तानं हात आत घातला आणि साचा खाली आला. किंकाळी मला त्या आवाजातही ऐकू आली. मी पोचलो तेव्हा दोन बोटं पत्र्याला चिकटलेली होती आणि दोस्त भिंतीला टेकून खाली घसरत होता. नवा माणूस तिथंच उभा होता, जमिनीकडं बघत.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर गेटबाहेर मी त्याला धरला. "बघ माझ्याकडं," म्हणालो. त्यानं बघितलं नाही. मी मारलं. परत म्हणालो, परत मारलं. तोंड फुटलं तरी मान वर येईना, तसा मी जास्तच पिसाळलो. तो पडल्यावर लाथ घातली. त्यानं हात आडवा धरला आणि माझा लोखंडी टाचेचा बूट त्याच्या डाव्या मनगटावर बसला. काडी मोडावी तसा आवाज आला. तेव्हा मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

चौकशीत साहेबांनी विचारलं, पाहिलं कुणी? मी पुढं झालो. त्याचा पाय पेडलवर होता, मी पाहिला, असं सांगितलं आणि सही केली. मला तो पाय खरंच दिसत होता, उसवलेल्या बुटातला, पेडल दाबणारा. त्याला काढून टाकलं.

आठव्या दिवशी त्याच प्रेसवर मला लावलं. माझे दोन्ही पाय फरशीवर होते, आणि साचा आपोआप खाली आला. हातमोजा आत राहिला, हात तेवढा वाचला. फिटरनं मशीन खोललं तर साचा वर अडवून धरणाऱ्या क्लचची स्प्रिंग तुटलेली. मी तडक माझ्या जुन्या मशीनजवळ जाऊन उभा राहिलो आणि त्या प्रेसकडं बघितलं. मध्ये पत्र्यांची कंबरेएवढी थप्पी होती, कायमचीच. तिथून पेडल दिसतच नव्हतं.

पुढं कामगारांच्या एका वर्गाला मानसशास्त्राच्या बाई यायच्या. त्या म्हणाल्या, डोळा थोडंच टिपतो, उरलेल्या जागा मन आपल्या समजुतीनं भरतं, आणि पाहिलेलं कुठलं, भरलेलं कुठलं, हे आपलं आपल्यालाच कळत नाही. सगळे माना डोलावत होते. मला तो उसवलेला बूट दिसत होता.

पण ते नंतर. स्प्रिंग सापडली त्या दिवशी मी काळेवाडीला त्याच्या खोलीवर गेलो. दारातच त्याची बायको आडवी उभी राहिली. आत तो बसला होता, मनगटाला फडक्यानं फळ्या बांधलेल्या. मी क्लचचं सांगितलं. तो खाली बघतच म्हणाला, "आमच्या गावात पाटलाच्या डोळ्याला डोळा दिला म्हणून माझ्या बापाला चावडीपुढं तुडवला होता, भाऊ. त्यानंतर मी वर बघितलं की आईच मारायची." मग म्हणाला, "आन् सेटरचा हात आत असताना त्याच्या डोळ्यात काय बघायचं? मी हातच बघत होतो."

त्याच्या आईनंही मारूनच शिकवलं होतं, माझ्या बापानंही.

मी लिहून दिलं की मी काही पाहिलं नव्हतं. साहेब चिडले, पण क्लच समोर होता. दोन महिन्यांनी त्याला परत बोलावणं गेलं, मेडिकल पास झाला तर घेऊ म्हणून. मी कारखान्याच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी त्याला दोन्ही हातांनी पत्रा उचलायला सांगितला. डाव्या हातातून तो सुटला. परत उचलला, परत सुटला. हाड वेडंवाकडं जुळलंय, प्रेसवर चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मनगट कशानं मोडलं?"

मी शेजारीच उभा होतो. माझ्याही घरी लेकरंबाळं होती; त्यानं माझं नाव घेतलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती.

"पडलो, साहेब," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तेच लिहिलं, आणि मी लिहू दिलं. तो भीतीनं तसं म्हणाला, की माझ्या लेकराबाळांकडं बघून, की त्याला आता कशाचंच काही वाटत नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही. मी त्याच कारखान्यातून रिटायर झालो.